बसून चालवायचं गवत कापायचं मशीन: कंबर दुखणाऱ्याने ते कसं निवडावं

मृगाचा पाऊस नीट लागला की खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला गवताला आवर राहत नाही. गणपतीच्या सुमारास न कापलेला माळ कमरेला लागतो. पूर्वी हे गवत वैरणीला जायचं, विळे घेऊन माणसं यायची. आता घरात जनावर नाही, गडी मिळत नाही आणि मिळालाच तर त्याच्या सवडीने येतो. बेळगावच्या आसपास रानात घर बांधून राहणारे बरेचजण साठीच्या पुढचे आहेत. कुणी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले, कुणी शाळेतून, कुणी उद्यमबागेतल्या कारखान्यातून. यातल्या पुष्कळांची कंबर आधीच गेलेली असते. खांद्याला ब्रश कटर अडकवून तास-दोन तास डावी-उजवीकडे फिरणं त्यांना झेपत नाही. मग मोबाइलवर कुणीतरी मशीनवर बसून आरामात गवत कापताना दिसतो आणि वाटतं, हे आपल्याला हवं.

हवं असेलही. पण दुकानात गेलात की पहिलं बोलणं हॉर्सपॉवरचं निघतं, दुसरं पात्याच्या रुंदीचं, तिसरं डिस्काउंटचं. कंबर दुखणाऱ्याने हे तिन्ही शेवटी बघावं. आधी आपला आजार, मग आपली जमीन, मग सीट आणि चढणं-उतरणं. मी लिहितोय तेही याच क्रमाने.

पाठ कशाने दुखते, हे ठरवा

कंबरदुखी सगळ्यांची सारखी नसते. काहींची कळ बसल्यावर आणि पुढे वाकल्यावर वाढते, थोडं चाललं की बरं वाटतं. मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकलेल्यांचं बहुधा असं असतं. काहींचं उलट: उभं राहिलं, चाललं की पाय भरून येतात आणि बसलं की आराम. मणक्यातली नळी अरुंद झाली की असं होतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बसून चालवायचं मशीन चांगलं मानवतं. पहिल्या प्रकारच्या माणसाने मात्र लाखांत पैसे घालण्याआधी थांबावं. टेकू नसलेल्या सीटवर पुढे झुकून बसलं की कण्याच्या गाद्यांवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, आणि त्यात खालून हादरे. अशा माणसाकडे वीसेक गुंठेच मोकळी जागा असेल तर मागून चालत न्यायचं, पण स्वतःच्या इंजिनावर पुढे सरकणारं मशीन त्याला जास्त सोयीचं पडू शकतं. फक्त त्याचं हँडल बेंबीच्या उंचीला यायला हवं.

ऑपरेशन झालेलं असेल किंवा पायात कळ उतरत असेल, तर डॉक्टरांना नुसतं "मशीन चालवू का?" असं विचारू नका. "अर्धा तास हादरणाऱ्या सीटवर बसू का?" असं विचारा, म्हणजे उत्तर कामाचं मिळेल. आणि जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर सगळं सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जमीन बघितल्याशिवाय मशीन बघू नका

ही मशीन मुळात लॉनसाठी बनलेली आहेत. पात्यावरचा जो पत्र्याचा डबा असतो, त्याला डेक म्हणतात. तो जास्तीत जास्त उचलला तरी गवत जमिनीपासून दहाएक सेंटीमीटरवर कापलं जातं. घोट्याच्या वर, फार तर अर्ध्या पोटरीपर्यंतचं गवत हे मशीन नीट कापतं. गुडघ्याएवढं कुसळी गवत, वाळलेली रानमोडी, घाणेरीची खोडं यात ते घातलंत तर पट्टा जळतो, पातं वाकतं आणि तुम्ही पुन्हा पुन्हा खाली उतरून, वाकून, डेकखालचं गवत ओढत बसता. म्हणजे ज्या वाकण्याला भिऊन मशीन घेतलं, तेच वाकणं परत.

म्हणून हिशेब सरळ आहे. दर दहा-बारा दिवसांनी कापायची तयारी असेल, तरच बसून चालवायचं मशीन घ्या. काजूच्या बागेत वर्षातून दोनदाच सफाई करायची असेल, तर भाड्याचा मिनी ट्रॅक्टर आणि मागे रोटरी स्लॅशर (उंच गवत-झुडपं तोडणारी फिरती पाती) हा मार्ग बरा. स्वतः चालवायचीही गरज नाही.

जमीन दोन तऱ्हेने पाठीचा पिच्छा पुरवते. खानापूर, हल्याळकडे तांबडी, खडकाळ जमीन: मध्येच जांभ्याचा डोकावलेला दगड, वारूळ, उंदरांची बिळं. चिकोडी, अथणीकडे काळी: पावसात चाक रुतवते, उन्हाळ्यात भेगा पाडते आणि त्या भेगांवरून लहान चाक गेलं की दणका थेट माकडहाडाला. निपाणीकडच्या मळ्यात दोन्ही भेटतं. चांगल्यातली चांगली सीट एका मोठ्या खड्ड्यापुढे हात टेकते. म्हणून एप्रिल-मेमध्ये माळ उघडा पडलेला असतो तेव्हा दोन मजुरांना घेऊन पूर्ण फिरा. हलणारे दगड वेचून काढायचे, न हलणाऱ्यांभोवती चुना टाकून खूण करायची किंवा तिथे सरळ एखादं झुडूप लावून तो भाग कापणीतून काढून टाकायचा. खड्डे मुरूम-मातीने भरायचे, पहिल्या दोन पावसांनंतर बसलेल्या जागी परत भर घालायची आणि ओल असतानाच रोलर फिरवायचा. झाडांची आळी कापणीच्या वाटेत येत असतील तर चाक आळ्यात उतरणार नाही एवढी त्यांची कड सपाट करायची. या कामाला जो खर्च येतो तो मशीनच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो, आणि पाठीला आराम म्हणाल तर महागड्या मॉडेलपेक्षा जास्त मिळतो.

उताराचंही याच वेळी बघा. बहुतेक कंपन्यांची मॅन्युअल १० ते १५ अंशांच्या वर जाऊ नका असं सांगतात. १५ अंश म्हणजे दहा फूट आडव्या अंतरात साधारण पावणेतीन फूट चढ. ट्रॅक्टरसारख्या घडणीचं मशीन उतारावर आडवं चालवायचं नसतं, वर-खाली चालवायचं. आडवं चालवलं की उलटण्याचा धोका आहेच, शिवाय एका कुल्ल्यावर भार देऊन तिरकं बसावं लागतं, आणि दुखऱ्या कमरेला ते दहा मिनिटंही सोसत नाही. असा उतार असलेला तुकडा ब्रश कटरवाल्याला द्यावा.

तीन घडणी

पहिली, लहान ट्रॅक्टरसारखी: पुढे इंजिन, मध्ये डेक, गोल स्टिअरिंग. ओळखीची आणि शिकायला सोपी. खोट चढण्यात आहे. मधल्या उंचवट्यावरून पाय पलीकडे टाकावा लागतो, तेही स्टिअरिंग आणि सीट यांच्या फटीतून, अंग पिळून.

दुसरी, झिरो टर्न: दोन हातांत दोन दांडे, जागच्या जागी गिरकी. झाडांच्या रांगांत वेळ वाचतो आणि मागे घ्यायची वेळ कमी येते, त्यामुळे मान-कंबर वळवणं वाचतं. पण पुढची दोन छोटी फिरती चाकं प्रत्येक खड्ड्याची चुगली पाठीला करतात, आणि नवख्याच्या हाती मशीन झटके देतं. सपाट, मऊ हिरवळीवर उत्तम. आपल्या तांबड्या माळावर मी ते सुचवणार नाही, सीटला आणि पायाखालच्या पाटाला वेगळं सस्पेन्शन असेल तर गोष्ट निराळी.

तिसरी, पुढे डेक असलेली रायडर: हुस्कवर्नाच्या रायडर मालिकेने ही घडण ओळखीची केली. डेक पुढे दिसतो, मागची चाकं वळतात, बसायची जागा बुटकी आणि बाजूने सरळ पाऊल ठेवून चढता येते. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे साफसफाईला डेक उभा करता येतो, जमिनीवर आडवं पडावं लागत नाही. किंमत जास्त. तरी कंबर दुखणाऱ्याने पैसे वाढवायचेच असतील तर हॉर्सपॉवरवर न वाढवता इथे वाढवावेत, असं माझं मत आहे.

सीट

इथे घाई करू नका. कॅटलॉगमध्ये सगळ्याच सीटना 'कम्फर्ट' म्हणतात.

आधी पाठ. टेकू कमरेपुरताच असेल तर ती सीट सोडा. निदान पंधरा इंच उंच पाठ हवी, अठरा असेल तर अधिक बरं. टेकून बसल्यावर सीटच्या पाठीचा फुगवटा कमरेच्या पोकळीत बसतो का ते हात घालून बघा. बसतच नसेल तर टॉवेलची गुंडाळी करून तिथे ठेवता येते; साधा उपाय आहे, पण गुंडाळी मनगटापेक्षा जाड नको. पाठ अगदी काटकोनात नसावी, किंचित मागे कललेली हवी. १०० ते ११० अंशांत गाद्यांवरचा भार कमी होतो. हातांना टेकू असेल तर खांद्यांचं ओझं कण्यावर येत नाही. पण टेकू वर उचलता येणारे हवेत, नाहीतर चढताना तेच आडवे येतात.

मग खालचं सस्पेन्शन. स्वस्त मशीनला सीटखाली दोन स्प्रिंग असतात, एवढंच. त्या कुणाच्या वजनाला जुळवलेल्या नसतात. पंचावन्न किलोच्या बाईसाठी त्या दगड, आणि पंचाण्णव किलोच्या माणसासाठी इतक्या मऊ की खड्ड्यात सीट तळाला ठणकन आपटते. हे आपटणं सगळ्यात वाईट. वजनाप्रमाणे घट्ट-सैल करता येणारा खटका असलेली सीट घ्या. साधारण ५० ते १३० किलोपर्यंत जुळवता येणाऱ्या मेकॅनिकल सीट ट्रॅक्टरच्या बाजारातही मिळतात. जुळवायची रीत अशी: नेहमीचे कपडे-बूट घालून बसा, आणि एकूण जेवढी सीट खाली जाऊ शकते त्याच्या निम्मी ती दबली पाहिजे. घरात दोघं चालवणार असाल तर प्रत्येकाने बसताना ती आपल्यापुरती फिरवून घ्यायची.

यामागचं कारण असं. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त हलतो. नेमके तेच हादरे खडबडीत जमिनीवरून जाणाऱ्या चाकांतून येतात. इंजिनची बारीक थरथर हाताला मुंग्या आणते, कंबरेचं खरं नुकसान या मंद हादऱ्यांनी होतं. युरोपात २००२ च्या नियमाने कामगारांसाठी याची मर्यादा घातलेली आहे: आठ तासांच्या सरासरीने ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या पुढे जाऊच द्यायचं नाही. तिथे विकल्या जाणाऱ्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये सीटवरच्या कंपनाचा आकडाही छापलेला असतो. दोन मॉडेलमध्ये घुटमळत असाल तर डीलरकडून मॅन्युअल मागून तो आकडा बघा. कारखान्यातल्या चाचणीचा आकडा आपल्या माळावर तसाच येणार नाही, पण कोण कुणापेक्षा बरं हे कळतं.

मशीन आवडलं आणि सीटच नाही, असं झालं तर सीट बदलता येते. बेळगावात फॅब्रिकेशनवाल्यांची वाण नाही, उद्यमबागेत पाहिजे तसली पट्टी कापून भोकं पाडून मिळते. दोन गोष्टी मात्र सांगून ठेवा. नवी सीट उंच झाली तर पाय पेडलपर्यंत पुरायला हवेत, आणि सीटखालचा सेफ्टी स्विच चालू राहायला हवा. तुम्ही उठलात की पातं बंद करणारा तो स्विच असतो. हलक्या वजनाचा माणूस खड्ड्यात उसळला की कधीकधी इंजिन बंद पडतं, मग कुणी हुशार मेकॅनिक दोन वायरी जोडून स्विचच बाद करून देतो. तसं करू देऊ नका. सीट वजनाला जुळवली की ही कटकट बहुधा आपोआप थांबते.

चाकं, आणि पंक्चरवाला

मोठ्या घेराचं चाक खड्डा ओलांडतं, लहान त्यात उतरतं. म्हणून पुढची चाकं निदान पंधरा इंची आणि मागची वीस इंची असलेलं मॉडेल बघा. मागे अठरा असेल तर सपाट जागेपुरतं ठीक.

आता हवा. या टायरमध्ये हवा फारच कमी असते. मागे साधारण १० पीएसआय, पुढे १२ ते १४. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. तो मऊपणाच तुमचं पहिलं सस्पेन्शन. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला दुचाकीची सवय. तो नळी लावतो आणि वर बघून म्हणतो, "तीस मारू काय, मालक?" तुम्ही मान हलवलीत की संपलं, घरी जाऊन मशीनवर बसाल तर फरशीवर बसल्यासारखं वाटेल. पंपावरच्या मीटरला १० पीएसआय धड दाखवता येत नाही, म्हणून कमी दाबाचं गेज आणि पायाने मारायचा पंप घरीच ठेवा. बाभळीच्या काट्यांवर उपाय म्हणून काहीजण टायरमध्ये फोम भरून घ्यायला सांगतात. पंक्चर थांबतं, पण टायर दगड होतो. त्यापेक्षा सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घाला.

पाय, हात, मान

हायड्रोस्टॅटिक गिअर घ्या. क्लच नाही, गिअर बदलणं नाही, पेडल दाबलं की पुढे. इथे एक बारकावा आहे जो दुकानात कुणी सांगत नाही. बहुतेक मशीनला हे पेडल उजव्या पायाने सतत दाबून धरावं लागतं. तुमची कळ उजव्या पायात उतरत असेल तर वीस मिनिटांत पाय ओरडायला लागेल. अशांनी क्रूझ कंट्रोल असलेलं किंवा हाताच्या दांड्याने वेग ठरवायचं मॉडेल बघावं. पार्किंग ब्रेकचं पेडलही दाबून बघा. काहींना एवढा जोर लागतो की कंबर सीटवरून उचलली जाते.

डेक वर-खाली करायचा दांडा बसल्या जागेवरून, कोपर अंगाजवळ ठेवून ओढता आला पाहिजे. स्प्रिंगची मदत असेल तर तो हलका जातो, बटणावर चालणारा असेल तर प्रश्नच मिटला. पातं चालू करायलाही दांड्यापेक्षा बटण बरं.

मागे घेताना सगळे कंबरेतून वळून बघतात. कंबरदुखीत वाकून वळण्याएवढं वाईट दुसरं काही नाही. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरचे रुंद आरसे लावून घ्या, पण मागे लहान मूल किंवा कुत्रं नाही याची खात्री मशीन थांबवून करा. आणि शेड अशी बांधा की एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल.

चढण्या-उतरण्याला एक गावठी सोय करा. शेडमध्ये मशीन जिथे थांबतं तिथे डाव्या बाजूला जांभ्याचे चिरे पक्के बसवून सात-आठ इंचांचा लहान ओटा करायचा. आमच्या शेजारी पलटणीतून निवृत्त झालेले एक काका आहेत, दोन मणके झिजलेले. ते ओट्यावर दोन्ही पाय ठेवतात, डावा हात स्टिअरिंगवर, उजवा सीटच्या पाठीवर, आधी बूड टेकतात आणि मग एकेक पाय आत घेतात. उतरताना नेमकं उलट, दोन्ही पाय ओट्यावर आल्याशिवाय उठत नाहीत. पाय फाकून टांग टाकणं त्यांनी बंदच केलंय. त्यासाठी हाताचा टेकू उचलला जाणारा हवा, हे वर म्हटलंच आहे.

कापून झाल्यावरची कामं

मशीन निवडताना सगळे चालवण्याचा विचार करतात. कंबर मोडते ती आधी-नंतरच्या कामांत.

गवत गोळा करायची पिशवी घेऊच नका, असंच मी म्हणेन. ओल्या गवताने भरलेली मोठी पिशवी सहज तीस किलोच्या वर जाते आणि ती मागे वाकून काढावी लागते. गवत बारीक करून तिथेच पसरणारं मल्चिंग पातं घ्या. पावसात ते तुंबतं, तेव्हा बाजूने गवत फेकायची सोय उघडायची. गवत गोळा करायलाच हवं असेल, शाळेचं मैदान असेल उदाहरणार्थ, तर सीटवर बसूनच दांड्याने रिकामी होणारी पेटी असलेलं मॉडेल घ्या.

डेकला पाण्याची नळी जोडायचं तोंड आहे का ते बघा. कापून झाल्या झाल्या नळी लावून दोन मिनिटं पातं फिरवलं की चिकटलेलं गवत धुऊन जातं. वाळल्यावर ते खरवडायला जमिनीवर झोपावं लागतं. पातं काढणं, धार लावणं, पट्टा बदलणं ही कामं स्वतः करू नका. साधारण पंचवीस तास चालवल्यावर धार लागते. त्या वेळी मेकॅनिकला पातं खिळ्यावर टांगून तोल बघायला सांगा. दगडावर आपटून एका बाजूने झिजलेलं पातं सगळं मशीन थरथरवतं. बाजारातला साधा व्ही-पट्टा मापात बसला तरी लवकर घसरतो आणि जळतो, या मशीनचे पट्टे वेगळ्या दोऱ्याचे असतात. एक जास्तीचा आणून ठेवा.

पेट्रोल पाच लिटरच्या पत्र्याच्या डब्यात आणा. वीस लिटरचा कॅन उचलणं हे तुमचं काम नाही. पंपावर आता ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि अशा बऱ्याच लहान इंजिनांची हमी ई१० पर्यंतचीच असते, म्हणून मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते विचारून घ्या. दिवाळीनंतर मशीन उभं राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

बॅटरीवरची मशीन थरथर कमी करतात, दोरी-चोक काही नाही, आवाजही कमी. कंबरेसाठी छानच. पण हेस्कॉमची वीज तुमच्या रानात किती तास असते, सिंगल फेज कधी येते, हे तुम्हालाच माहीत. आणि बिघाड झाला तर ते दुरुस्त करणारा माणूस जवळ असायला हवा. खेड्यात राहणाऱ्याला आज तरी मी पेट्रोलच सुचवेन.

किती रुंदीचं?

एक एकर म्हणजे ४० गुंठे, साधारण ४,०४७ चौरस मीटर. ४२ इंची डेक ताशी ५ किलोमीटरने, ओळी थोड्या एकमेकींवर घेत, वळणं-झाडं धरून एकर सव्वा तासात उरकतो. ३० इंची डेकला पावणेदोन तास लागतात. कंबर दुखणाऱ्याने एका बैठकीत अर्ध्या-पाऊण तासावर बसू नये, म्हणजे पहिल्याला दोन बैठका, दुसऱ्याला तीन. एकरभर सपाट जागेला ४२ इंच पुरे. त्याहून रुंद डेक उंचसखल जमिनीवर टेकाडं सोलून काढतो आणि झाडांमधून नेताना सारखं मागे-पुढे करावं लागतं.

ट्रायलशिवाय पैसे देऊ नका

दुकानाच्या फरशीवर सगळीच मशीन मऊ वाटतात. डीलरला मशीन तुमच्या रानात आणायला सांगा. वाहतुकीचे पैसे मागितले तर द्या. नेहमीचे बूट घाला. आधी पाच-सहा वेळा चढा-उतरा, कारण खोट पहिल्यांदा कळत नाही, चौथ्यांदा कळते. मग इंजिन चालू ठेवून नुसते बसा. मग तुमच्या माळाचा सगळ्यात वाईट तुकडा निवडून अर्धा तास सलग चालवा: मागे घ्या, डेक उचला, ब्रेक लावा. डीलरचा माणूस शेजारून "चांगलंय की नाही साहेब?" विचारत राहील. त्याला "उद्या सांगतो" म्हणा. हादऱ्यांचा हिशेब कंबर दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना देते. नेहमीपेक्षा जास्त ताठरलेली वाटली तर ते मशीन तुमचं नव्हे, मग त्यावर कितीही सूट असो.

डीलर कुठला घ्यावा? बेळगावात असेल तर बेळगावचाच. कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, हुबळीही जवळपास तेवढंच. थोडं स्वस्त मिळालं म्हणून राज्याच्या हद्दीपलीकडून आणलं, तर हमीतली दुरुस्ती कोण करणार, माणूस घरी येणार की मशीन टेम्पोत घालून न्यायचं, हे बिलावर लिहून घ्या. मशीन टेम्पोत चढवायला दोघं-तिघं लागतात, आणि त्यात तुम्ही हात घालायचा नाही. पातं, पट्टा, फिल्टर आणि डेकचं बेअरिंग दुकानात आत्ता शिल्लक आहे का, ते कपाट उघडून दाखवायला सांगा.

पहिला पावसाळा

पहिले काही आठवडे हळू चालवा, ताशी ४ किलोमीटरच्या आसपास. वेग कमी केला की दणकेही बरेच कमी होतात. पाऊस उघडल्यावर दुपारी, गवत कोरडं असताना कापा. मोबाइलवर वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा, वाजला की उतरा आणि बांधापर्यंत चालून या. कमरेचा पट्टा बांधून तास वाढवायचा मोह होतो. पट्ट्याने दुखणं थोडं झाकलं जातं, हादरे तेवढेच बसतात.

उतरल्यावर लगेच पेट्रोलचा डबा, खत, पाण्याची बादली, काहीही उचलू नका. हादरे खाल्लेल्या कंबरेला सैल व्हायला दहा-पंधरा मिनिटं द्यायची, तेवढा वेळ नुसतं चालायचं. कडेचं, झाडाबुंध्याचं गवत त्याच दिवशी खुरपायला बसणं तर साफ बंद. ते काम गड्याला ठेवा, किंवा बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्या, गवत उगवणारच नाही.

गडी मशीन चालवणार असेल आणि तो कन्नड वाचणारा असेल, तर ब्रेक, पातं, डेक या तीन दांड्यांवर कन्नडमध्ये पक्क्या पेनने लिहून ठेवा, आणि तुमच्या वजनाला जुळवलेली सीट त्याने फिरवली तर परत कुठल्या खुणेवर आणायची ती खूण पांढऱ्या रंगाने करून ठेवा.